फळी उचलेपर्यंत

२ जून, रविवार

पोचलो एकदाचे! शेवटच्या वळणावर वरचं कपाट उघडलं आणि चारही ताटल्या माझ्या पाठीत. प्लास्टिकच्या होत्या म्हणून निभावलं. नवरा पुढून ओरडतोय — "कडी लावली नव्हतीस का?" लावली होती! ह्या डब्यातल्या एकाही कडीचा भरवसा नाही, आणि ओरडा मात्र मला.

गाडी भाड्याने देणारा म्हणाला होता, "घरच समजा ताई, फक्त खाली चाकं आहेत." घर म्हणे! टेबल मोडलं की पलंग होतो, पलंग मोडला की टेबल. एकाने चहा करायचा तर दुसऱ्याने बाहेर जाऊन उभं राहायचं. संडासाची पेटी आपली आपण उचलून रिकामी करायची. आणि गाडीच्या अख्ख्या अंगावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र — आई, बाप, दोन मुलं, कुत्रा. सगळ्यांचे दात एकसारखे, कुत्र्याचेसुद्धा. मी वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसतेय. असे दात कुणाला नसतात.

मागे मात्र एक खरा पलंग आहे. तो आबांसाठी. त्यासाठीच तर हे सगळं सोंग. सासऱ्यांची पाठ गेलीय, त्यांना फार वेळ बसवत नाही. खाली शहरात आणायचं तर आडवं झोपवूनच आणावं लागणार. नवऱ्याचा बेत असा — आठवडाभर राहायचं, आबांचं मन वळवायचं, आणि निघायचं. "ह्या वेळी त्यांना घेतल्याशिवाय मी उतरणार नाही," म्हणाला. तीनदा म्हणाला. मी काही नाही म्हटलं नव्हतं.

गाव म्हणजे एक चढता रस्ता. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, मग बटाटे, मग पुन्हा सफरचंदं. वर डोंगरावर अजून बर्फ. गाडी शिरल्यापासून प्रत्येक खिडकीत एकेक चेहरा. हसरा एकही नाही. हसरे सगळे आमच्या गाडीवर!

भाऊजींनी — म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाने — बागेखालची मोकळी जागा दाखवली. तिथे गाडी लावली. घरात झोपायचं नाही, कारण घरात जागा नाही म्हणे. निघण्याआधी नवऱ्यानेच सांगितलं होतं : "ती म्हणतेय जागा नाही." ती म्हणजे जाऊबाई.

आत्ता खिडकीतून समोर दिसतंय. दुमजली घर आहे!


३ जून, सोमवार

वीस वर्षं लोक माझ्यासमोर तोंड उघडत आले. जाऊबाईंसारखं मिटलेलं तोंड मी पाहिलं नाही. काही विचारलं की आधी ओठ घट्ट, मग जेमतेम एक शब्द बाहेर. तोही उलटा.

सकाळी आबांना भेटायला वर घरात गेलो. "चहा टाकू?" असा विचारला की जणू "निघताय का?" मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाल्या, "मागच्या वेळीही चहा न घेताच गेलात. म्हणून विचारलं, ताई."

मागची वेळ म्हणजे सासूबाई गेल्या तेव्हा. तीन हिवाळे झाले. रस्ता बर्फाने बंद, डॉक्टर खाली अडकलेला, आणि आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलेलं. नवरा भावाला अंगणातच म्हणाला — "वेळेवर खाली आणलं असतंस तर जगली असती." भाऊजी म्हणाले, "वेळेवर फोन उचलला असतास तर विचारलं असतं." आलो त्याच पावली परत. तो चहा जाऊबाईंनी अजून उकळत ठेवलाय.

पाव कापता कापता पावालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "घर असताना गाडीत झोपायची हौस असते एकेकाला."

हौस! स्वतःच जागा नाही म्हणायचं आणि वर हौस काढायची! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण नवऱ्याने टेबलाखालून पायाने खुणावलं — गप्प. भाऊजी खोकले. भाऊजींचं सगळं आयुष्य अशा वेळी खोकण्यात गेलंय.

आबा खिडकीशी पडून असतात. तिथून बाग दिसते. अंग सुकलंय, पण डोळे तसेच — समोरच्याला तोलणारे. माझ्याशी त्यांचं बोलणं किती? "आलात का. बसा. वारा कुठला आहे?" लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्या माणसाने मला कधी एक धड वाक्य दिलेलं नाही. मी त्यांच्या लेखी खालून आलेली बाई. असो.

नवरा त्यांच्या उशाशी बसून तासभर बोलला. खाली डॉक्टर जवळ. खाली उबदार खोली. खाली लिफ्ट. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाळी झाली की बघू."

पाळी म्हणजे पाण्याची. डोंगरावरचं बर्फ वितळतं ते एका दगडी पाटातून गावात येतं आणि एकेका घराच्या बागेत पाळीने सोडतात. ह्या घराची पाळी शुक्रवारी. त्यानंतरची थेट महिनाअखेरीला. वरच्या टप्प्यावर जाऊबाईंनी ह्या वर्षी सफरचंदाची नवी कलमं लावलीत — स्वतः बांधलेली, जुन्या चादरीच्या चिंध्यांनी. आबांनी पडल्या पडल्या दाखवलं, जाऊबाईंनी बांधलं. पाऊस नाही, वारा कोरडा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शुक्रवारचं पाणी मिळालं तर कलमं धरतील. नाही मिळालं तर सरपण."

बाहेर आल्यावर नवरा गाडीच्या चाकाला लाथ मारून म्हणाला, "पाळी झाली की बघू! ही झाली की पुढची! आईच्या वेळीही हेच. इथे पाणी येत राहील तोवर हा माणूस खाटेवरून हलणार नाही."


४ जून, मंगळवार

टाकी कोरडी. नळ सोडला तर आतून घशात काही अडकल्यासारखा आवाज. काल भांडी मी घासली त्यात गेलं सगळं पाणी, असं नवऱ्याचं म्हणणं. मग खाऊ नकोस!

घरच्या नळाला पहाटे थोडा वेळ पाणी येतं, त्यावर जाऊबाईंची पिंपं भरतात. "मागतेस का तिच्याकडे?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, तहानेने मेले तरी मागणार नाही. तो म्हणाला, "तेही खरंच. ऐकवेल दहा गोष्टी. मग असं कर — मागे तो पाट वाहतोय ना, कट्ट्याला लागून? पाईपचं एक टोक त्यात बुडव, दुसरं टाकीत. उतार आहे, एकदा तोंडाने ओढलं की आपोआप येईल. मी जरा केस कापून येतो."

केस कापायला! इथे येऊन! पण गेला.

पाईप हिरवा, नवा कोरा. गाडीबरोबर मिळतो तो आखूड असतो. हा नवऱ्याने निघायच्या आधी मुद्दाम आणला. तेव्हा मी म्हटलंही, एवढा लांब कशाला? "लागतो," म्हणाला.

पाणी असलं गार की दात कळवळले. पण आलं! झरझर! मी आत जाऊन कणभर साखर घालून चहा केला, दार उघडं टाकून बसले, आणि खरं सांगते, ह्या गावात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. जाऊबाईंकडे न मागता पाणी मिळवलं! त्या आनंदात टाकीकडे लक्षच नाही. भरून वाहायला लागली. गाडीखालून ओहोळ, तो रस्त्यावर, रस्त्यावरून खाली.

मग ओरडा. शेजारच्या बागेचा मालक, गावचा सुतार, धावत आला, हातात फावडं, बूट चिखलाने भरलेले. "कोण आहे? कोण आहे आत?" मी कप घेऊन दारात. तो एकदा माझ्याकडे, एकदा पाईपकडे, एकदा रस्त्याकडे. "माझी पाळी चाललीय! माझी झाडं कोरडी आणि रस्त्याला पाणी पाजताय?"

मी म्हटलं, "अहो, टाकीभर तर पाणी."

हे बोलायला नको होतं. सुताराचा चेहरा बघून कळलं. त्याने पाईप उपसला, खांद्यावर टाकला आणि गावाकडे चालता झाला. मेलेला साप न्यावा तसा.


तोच दिवस, संध्याकाळ

लिहून टाकते, नाहीतर कुणालातरी चावेन.

पाट जिथून फुटतो तिथे सगळ्यांना बोलावलं. पाटाच्या तोंडाशी एक लाकडी फळी आहे. ती उचलायचं आणि टाकायचं काम पाटकऱ्याचं. वाळक्या अंगाचा म्हातारा, कानात कापूस. इथे त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. माझा पाईप फळीवर ठेवलेला. आजूबाजूला अर्धं गाव. आबांना भाऊजींनी आणि नवऱ्याने खुर्चीत घालून उचलून आणलं. पाठीला उशा. तोंड पांढरं पडलं होतं दुखण्याने.

नवऱ्याचे केस छान कापलेले.

पाटकरी ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. रोजचं काम असल्यासारखं म्हणाला, "दुसऱ्याच्या पाळीत पाणी घेतलं. बाहेरच्या माणसाने घेतलं असेल तर त्याने सुताराच्या कुंपणापर्यंत पाट साफ करायचा, बात संपली. घरच्या माणसाने घेतलं असेल तर त्या घराची येती पाळी गेली. ती सुताराला." मग आबांकडे वळून — "सांगा. बाई घरची की बाहेरची?"

एवढंच! एका शब्दाचं काम! मी आबांकडे बघतेय. खुर्चीमागून जाऊबाई आबांच्या कानाशी वाकल्या. हळू बोलल्या, पण मी ऐकलं. "आबा, बाहेरची म्हणा. आबा, माझी कलमं आहेत."

बाहेरची म्हणा! ती जर खुर्चीच्या पलीकडे नसती तर मी तिला पाटात ढकललं असतं. पंचवीस वर्षं! त्यांच्या मुलाचे डबे केले, आजारपणं काढली, आणि ही चिंध्या बांधणारी मला बाहेरची ठरवणार!

आबांनी जाऊबाईंचा हात बाजूला केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरची. माझी मोठी सून आहे."

पाटकऱ्याने बजावलं, "बघा हं."

"बघितलं. पाळी कापा."

जाऊबाई तिथून जे निघाल्या ते मागे वळूनही न बघता. भाऊजी खोकलेसुद्धा नाहीत.

पाटकरी म्हणाला, "शुक्रवारी सकाळी फळी उचलेन. तोवर तुमच्यापैकी कुणाला शब्द बदलायचा असेल तर बदला. एकदा फळी उचलली की मी ऐकत नाही. मला तसंही कमी ऐकू येतं." कुणीतरी हसलं. आमच्यातलं कुणी नाही.

पंचवीस वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा घरची म्हटलं. आणि त्यासाठी घरचं पाणी गेलं. मला धड रडताही येईना, धड भांडताही येईना. नवऱ्याला म्हटलं, "तुला हा नियम माहीत नव्हता?" तो म्हणाला, "मी काय, शाळेसाठी लहानपणीच उतरलो खाली. हे सगळं कुणाच्या लक्षात राहतं?"


५ जून, बुधवार

दुकानात पाव संपलाय म्हणाली दुकानदारीण. तिच्या मागे फळीवर पाव रचलेले. मी बोट दाखवलं. म्हणाली, "ते कालचे." मी म्हटलं, कालचेच द्या. "ते उद्याचे आहेत," म्हणाली!

परत येताना केस कापणारा दारात उभा होता, वस्तऱ्याला धार लावत. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी गोड लागलं का?" मी म्हटलं, "दात किडले असतील तर या दाखवायला." जरा बरं वाटलं.

चार पोरं गाडीपाशी जमली होती. चित्रातल्या हसऱ्या बाईच्या तोंडावर कुणीतरी चिखल थापलाय. मी पुसला नाही. दातच तेवढे झाकले गेलेत.

दुपारी जाऊबाई वरच्या टप्प्यावर दिसल्या. डोक्यावर ओलं फडकं, हातात घरातल्या पिंपातली बादली. प्रत्येक कलमाला एकेक भांडं. हा टप्पा बादलीने भिजणार नाही हे मलाही कळतं. वाऱ्याने पानं आत्ताच वळायला लागलीत, चिमट्यात धरल्यासारखी. मी खालून बघत राहिले. त्यांनी मला पाहिलं, आणि पाठ केली.

मी तरी काय करू? मुद्दाम केलं का मी?

नवरा मात्र दिवसभर शांत. गाडीतली कपाटं आवरली, आबांच्या पलंगाला पट्टे लावून पाहिले. शीळ घालत होता.


६ जून, गुरुवार

आबा म्हणाले, "चला."

सकाळी, आम्ही जाऊन बसल्या बसल्या. नवऱ्याने काही विचारलंही नव्हतं. "पाळी गेली. आता इथे पडून कलमं जळताना बघायची? चला, उद्या दुपारी निघू." भाऊजी बाहेर निघून गेले. नवऱ्याने आबांच्या पायावर हात ठेवला, आणि मला त्याचा चेहरा दिसला. आनंद झाला की तो खालचा ओठ चावतो. तसा चावलेला.

जाऊबाईंनी आबांचे कपडे कपाटातून काढायला घेतले. मला म्हणाल्या, "लोकरीच्या बंड्या वरच्या खोलीत आहेत. आणता?" 'ताई' नाही जोडलं.

वर गेले. दार ढकललं. खोली झाडलेली. खिडकीला धुतलेला पडदा. पलंगावर दोन उशा, अभ्र्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, त्यावर भांडं पालथं, भांड्यावर धूळ.

मी बंड्या न घेताच खाली आले. "ती खोली कुणाची?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणाची म्हणजे? तुमची. येणार म्हणून कळवलंत त्याच दिवशी लावली. मग दादांचा फोन आला — तिला दुसऱ्याच्या घरात झोप लागत नाही, आम्ही आमचं घर घेऊन येतोय."

दादा म्हणजे माझा नवरा, आणि तिला म्हणजे मला! मला रेल्वेच्या बाकावर झोप लागते! दवाखान्यात उभ्या उभ्या लागते!

मी काही बोलणार, तेवढ्यात आबांनीच हाक मारली. "सूनबाई, बसा इकडे." पाठ दुखत असणार, पण त्यांना बोलायचं होतं. जायचं ठरलं की माणूस बोलतो तसं. म्हणाले, "त्याच्यावर रागवू नका. तो विसरला असेल तुम्हाला सांगायला. एरवी पाण्याचं त्याच्याएवढं कुणाला माहीत? लहानपणी पाटकऱ्याच्या मागे मागे हिंडायचा. फळी कधी टाकायची, कुणाची पाळी कधी, सगळं तोंडपाठ. एकदा माझ्या सख्ख्या वहिनीने, त्याच्या काकूने, घागर बुडवली दुसऱ्याच्या पाळीत. घागर! ह्याने पाहिलं आणि पाटकऱ्याला जाऊन सांगितलं. काकूची पाळी गेली. ती मेली तोवर ह्याच्याशी बोलली नाही. मी त्याला मारलं नाही हो. खरं बोलला म्हणून. पण त्या वर्षी त्यांची बाग वाळली, आणि भाऊ बाग सोडून खाली उतरला, तो पुन्हा वर आलाच नाही." जरा थांबून म्हणाले, "ह्याला सगळ्यांत जास्त आठवत असेल ते."

मी उठले. माझ्या तोंडाला गार पाण्याची चव आली, परवाची.


तोच दिवस, दुपार

नवरा गाडीत होता. हिरवा पाईप पाटकऱ्याने परत पाठवलेला. तो गुंडाळत होता, नीट, कोपरावर घेऊन.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

तो गुंडाळत राहिला.

"पाईप मोठा आणलास. पाटातली जागा दाखवलीस. केस कापायला गेलास! आणि खोली तिने लावली होती. मी तिच्यावर जळत राहावं, तिच्याकडे पाणी मागू नये, म्हणून मला ह्या डब्यात ठेवलंस."

"आबा येतायत ना खाली?" तो म्हणाला. "झालं तर मग."

"तिची कलमं —"

"कलमं पुन्हा लावता येतात. आई पुन्हा आणता येते का?" मग पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी. मी त्याला ओळखते. "रस्ता बंद झाला की हा माणूसही असाच जाईल. बागेकडे बघत. मी सांगून सांगून थकलो. बाग होती तोवर ऐकणार नव्हते ते. तू सांग, दुसरं काय करायचं होतं?"

त्याच्या जागी तो चुकला नसेलही! पण मग स्वतःच्या हाताने पाईप का नाही बुडवला?

बुडवला असता तर पाटकऱ्याने विचारलंही नसतं. मुलगाच तो, घरचाच. पण आबांनी त्याच्याकडे बघितलं असतं. काकूची गोष्ट त्यांना लगेच आठवली असती, मग खाली यायला निघाले असते का त्याच्याबरोबर? म्हणून हात माझा. खालून आलेली बाई, हिला काय कळतं. राग माझ्यावर. आणि आबा मला बाहेरची म्हणणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांत हे त्याने मला कधी सांगितलं नाही.

वर बघितलं तर जाऊबाई तशाच बादली घेऊन टप्पा चढत होत्या. आबांना सांगावं? सांगितलं तर पाळी काही परत येत नाही, मुलगा तेवढा जातो त्यांचा. सांगणार नाही.

बंड्या आणून दिल्या. पलंगावर चादर घातली.


७ जून, शुक्रवार

सकाळी पाटाच्या तोंडाशी गेले. सुतार आधीच फावडं घेऊन हजर. भाऊजींनी आबांना खुर्चीत आणलेलं. जाण्याआधी एकदा पाणी बघायचं होतं त्यांना. जाऊ, नवरा, सगळे. पाटकऱ्याचा हात फळीवर.

म्हटलं, "थांबा. मी ह्या घरची नाही."

आबा म्हणाले, "सूनबाई!" मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

पाटकऱ्याने कानातला कापूस काढला. "मग कोण?"

"भाड्याच्या गाडीतून आलेली बाई. ह्यांचं माझं काही नातं नाही."

नवरा एकच शब्द बोलला — "अगं —" आणि मी त्याच्याकडे पूर्ण वळून बघितलं. त्याला कळलं की हे नुसतं पाटकऱ्याला सांगत नाहीये.

फळी उचलली. पाणी वरच्या टप्प्याकडे गेलं. आबा म्हणाले, "मी बघतो जरा. आज काही निघत नाही." गाडी उद्यापर्यंत परत करायची होती, नवरा एकटाच घेऊन गेला. चिखल लागलेलं हसरं कुटुंब वळणावरून खाली उतरलं. मागचा पलंग रिकामा.

सुताराच्या कुंपणापर्यंत पाट साफ करायचाय मला. जाऊने तिचे बूट आणून दिले. बोटांना आवळतात. मग दुसरं फावडं घेऊन तीही पाटात उतरली.

"वरची खोली लावलेलीच आहे," ती म्हणाली. पाटकरी बघतोय हे दिसताच मोठ्याने — "पाहुण्यांची!"